कान चांगले, तरी ऐकू का येत नाही?

(संस्थेच्या वतीने अकोला येथे घेण्यात आलेल्या माता-बालक मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आजच्या मेळाव्यात डॉक्टर मंडळी बोलणार, हे आपण गृहीत धरले असेल. आम्ही डॉक्टर नाही. आम्ही कला शाखेचे पदवीधर, आणि गेली वीस वर्षे बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून आहोत. ज्याच्या हातून दिवसभर पावत्या आणि व्हाऊचर जातात, त्याने तान्ह्या बाळाच्या कानाच्या नसेवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी आग्रह धरला, कारण हे प्रकरण आमच्या घरात घडले आहे. जे आम्हाला दोन वर्षे उशिरा कळले, ते येथे बसलेल्या एखाद्या आईला दोन महिन्यांत कळावे, एवढ्याच हेतूने आम्ही आपल्यापुढे उभे आहोत.

आमची धाकटी लेक फेब्रुवारी २०१६ मध्ये अमरावतीस जन्मली. पत्नी बाळंतपणासाठी माहेरी गेली होती आणि आमची बदली अकोल्याला झालेली होती. दिवस पूर्ण भरले नव्हते. बत्तिसाव्या आठवड्यातच बाळंतपण झाले आणि बाळाचे वजन भरले १४०० ग्रॅम. बाळाला काचेच्या पेटीत ठेवले. चौथ्या दिवशी कावीळ वाढली, निळ्या दिव्याखाली ठेवूनही उतरेना, तेव्हा रक्त बदलावे लागले. एकूण एकोणीस दिवस लेक पेटीत होती. तिचा जीव वाचविणाऱ्या डॉक्टरांचे आणि परिचारिकांचे उपकार आम्ही कधीही विसरणार नाही.

घरी सोडण्याच्या दिवशी एका ताईंनी लहानसे यंत्र आणले. बाळाच्या कानात मऊ बोंडूक बसविले, दोन-तीन मिनिटे गेली आणि यंत्रातून चिठ्ठी निघाली. चिठ्ठीवर दोन्ही कानांपुढे ‘पास’ असे छापलेले होते. आम्ही ती चिठ्ठी फाईलला लावली. आमच्या व्यवसायात कागदाला फार मान असतो. कागदावर आले म्हणजे ते झाले, ही आमची सवय.

लेक अकोल्याच्या घरी आली आणि बाळसे धरू लागली. आठव्या महिन्यात आमच्या आईने प्रथम शंका काढली. आई निरक्षर. वऱ्हाडच्या मातीत राबून चार लेकरे वाढविलेली बाई. ती म्हणाली, “बाबू, पोरगी पायते, आयकत नाई.” आम्ही हसण्यावारी नेले. आई आठवडाभर तेच म्हणत राहिली, तेव्हा आम्ही फाईल काढून तिच्यापुढे चिठ्ठी धरली आणि चढ्या आवाजात म्हणालो, “हे पाहा, मशीनने पास केले आहे. तू उगीच भलते बोलू नकोस.” त्यावर ती शांतपणे एवढेच म्हणाली, “तुमी कागद पायता, म्या लेकरू पायलं.”

आम्हाला फसविणारी आणखी एक गोष्ट होती. लेकीला मुळीच ऐकू येत नव्हते, असेही नव्हते. एखाद्या दिवशी दाराची कडी वाजली की ती वळून पाही. दुसऱ्या दिवशी तिच्या मागे थाळी पडली तरी तिचे लक्ष नसे. एखादे वेळी हाक ऐके, मग चार दिवस ऐकत नसे. त्यामुळे घरात दोन पक्ष पडले. कुणी म्हणे पोरगी हट्टी आहे, कुणी म्हणे बापावर गेली, बापही उशिराच बोलला होता. शेजारच्या बाईंनी वेखंड मधात उगाळून जिभेला लावायला सांगितले. एका नातेवाइकाने जिभेखालचा दोर कापून घ्या म्हटले. दुसऱ्याने गंडा आणून दिला. गंडा आम्ही बांधला नाही, पण वेखंड मात्र लावले, हे कबूल केले पाहिजे.

पहिल्या वाढदिवसानंतर मनाच्या समाधानासाठी पुन्हा तपासणी करून घेतली. तेच यंत्र, तीच दोन मिनिटे, तोच ‘पास’. काही मुली उशिरा बोलतात, थांबा, असा सल्ला मिळाला. तो सल्ला कोणत्या रुग्णालयात मिळाला, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. आम्हीही दुसरा प्रश्न विचारला नाही. थांबा म्हटले, आम्ही थांबलो. लेक दोन वर्षांची झाली तरी तिच्या तोंडी एक शब्द नव्हता.

अखेर एका श्रवणतज्ज्ञ भगिनीने फाईल चाळता चाळता दोनच प्रश्न विचारले. “हे बाळ पेटीत होते ना? मग हिची बेरा केली का?” बेरा हा शब्द आम्ही त्या दिवशी प्रथम ऐकला. एप्रिल २०१८ मध्ये आम्ही उभयता लेकीला घेऊन रात्रीच्या अमरावती-मुंबई गाडीने अकोल्याहून निघालो आणि बांद्रा रेक्लमेशन येथील अली यावर जंग संस्थेत पोहोचलो. केंद्र शासनाची ही संस्था १९८३ पासून कर्णबधिरांसाठी काम करीत आहे. बेरासाठी मूल गाढ झोपलेले असावे लागते, म्हणून आदल्या रात्री आम्ही आळीपाळीने लेकीला जागे ठेवले. तिच्या कपाळाला आणि कानांमागे तारा चिकटविल्या, कानात टिक-टिक आवाज सोडला आणि पडद्यावर रेघ उमटू लागली. त्या रेघेत ज्या लाटा दिसायला हव्या होत्या, त्या नव्हत्या. आणि तरीही कानातल्या बोंडकाची तपासणी पुन्हा ‘पास’च आली.

दोन्ही तपासण्या खऱ्या होत्या. मग दोघींचे म्हणणे निरनिराळे कसे? हे समजून घेण्यासाठी आधी कानाची रचना थोडक्यात पाहू.

आवाज बाहेरच्या कानातून पडद्यावर आदळतो. पडद्यामागच्या तीन नाजूक हाडांमधून तो आतल्या कानातील गोगलगायीच्या शंखासारख्या अवयवात पोहोचतो. या शंखात केसासारखे तंतू असलेल्या सूक्ष्म पेशी असतात. त्यांचे दोन प्रकार. बाहेरच्या रांगांतील पेशी प्रत्येक कानात सुमारे १२ हजार, आणि आतल्या रांगेतील सुमारे साडेतीन हजार. बाहेरच्या पेशी आवाजाला जोर देतात. आतल्या पेशी तो आवाज नसेच्या स्वाधीन करतात. श्रवण-नसेत सुमारे ३० हजार तंतू असतात आणि ते हा निरोप मेंदूकडे नेतात. मेंदूने निरोप वाचला म्हणजे ‘ऐकू आले’.

आमच्या भाषेत सांगायचे तर बँकेचे उदाहरण घ्या. ग्राहक काउंटरवर रक्कम भरतो, कारकून शिक्का मारून पावती देतो. पण पावती मिळाली म्हणजे रक्कम खात्यात जमा झाली, असे होत नाही. व्हाऊचर पुढे जावे लागते आणि खात्यात नोंद पडावी लागते. कानातील बोंडकाची जी तपासणी असते, तिला ओएई म्हणतात. ती काउंटर पाहते. बाहेरच्या पेशी आवाजाला प्रतिसाद देताना स्वतःचा अतिशय मंद आवाज परत पाठवितात, तो ही तपासणी टिपते. म्हणजे काउंटरवर माणूस हजर आहे आणि शिक्का चालू आहे, एवढेच ती सांगते. बेरा ही तपासणी मात्र व्हाऊचर पुढे गेले की नाही, ते पाहते. आवाज झाल्यापासून सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत नसेतून आणि मेंदूच्या देठातून विजेच्या सूक्ष्म लाटा जातात, त्या ती नोंदविते. आमच्या लेकीच्या बाबतीत काउंटर सुरळीत चालू होते, नोंद मात्र पडत नव्हती. दोष आतल्या पेशीत, किंवा पेशी आणि नस यांच्या जोडावर, किंवा प्रत्यक्ष नसेत होता. या विकाराला ऑडिटरी न्यूरोपॅथी, म्हणजे श्रवण-नसेचा विकार म्हणतात.

हा विकार वैद्यकशास्त्राला तरी कधी कळला? मानवी बेराच्या लाटांचे वर्णन ज्युवेट आणि विलिस्टन या संशोधकांनी १९७१ मध्ये केले. कानातून परत येणारा मंद आवाज लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी १९७८ मध्ये जगापुढे मांडला. या दोन तपासण्या हाती आल्यावरच त्यांचे निकाल परस्परविरोधी येणारे रुग्ण लक्षात येऊ लागले. १९९६ मध्ये अर्नोल्ड स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दहा रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि या विकाराला नाव दिले. पुढे २००८ मध्ये इटलीतील कोमो येथे तज्ज्ञांची परिषद भरली. एकाच लक्षणामागे अनेक कारणे आहेत, हे ध्यानात घेऊन त्या परिषदेत या साऱ्या गटाला मिळून नाव देण्यात आले. तेव्हा आपल्या आजोबांच्या काळी हे कुणाला ठाऊक नव्हते, यात नवल नाही. परंतु आज ठाऊक असताना न तपासणे, हा मात्र हलगर्जीपणा होय.

आता एक नाजूक मुद्दा. ‘पास’ चिठ्ठीने आम्ही फसलो, हे खरे. पण बेराच्या सपाट रेघेनेही माणूस फसू शकतो. बेराचे यंत्र शेकडो-हजारो टिक-टिकींच्या प्रतिसादांची बेरीज करून लाट काढते. नसेचे तंतू एका तालात चालले तरच ती बेरीज जमते. या विकारात निरोप जातो, पण ताल चुकतो. एक तंतू आधी, दुसरा मागाहून. बेरजेत सगळे एकमेकांना खोडून टाकतात आणि रेघ सपाट दिसते. म्हणून सपाट रेघ म्हणजे मूल ठार बहिरे, असा अर्थ काढता येत नाही. याच कारणाने आमच्या लेकीला एखाद्या दिवशी कडी ऐकू येई आणि हाकेतले शब्द मात्र उमजत नसत. रेडिओचे स्टेशन नीट लागले नाही म्हणजे खरखरीत कुणी बोलते आहे हे कळते, काय बोलते ते कळत नाही. तसाच हा प्रकार समजावा.

यास्तव जाणकार श्रवणतज्ज्ञ एकाच कागदावर निकाल देत नाहीत. ते ओएई आणि बेरा या दोन्ही करतात. बेरा करताना टिक-टिक आवाजाची दिशा उलटसुलट करून दोन्ही रेघा वेगवेगळ्या पाहतात. दिशा उलटताच जी लाट आरशातल्यासारखी उलटी होते, ती नसेची नसून शंखातील पेशींची असते. नसेची खरी लाट अशी उलटत नाही. हे पाहिले नाही, तर पेशींची लाट नसेची म्हणून खपून जाते. पुढे कानाच्या पडद्याची तपासणी होते, कारण आत पाणी साचले असेल तर सगळेच निकाल बिघडतात. मोठ्या आवाजाला कानातील लहान स्नायू आकसतो की नाही, तेही पाहतात. या विकारात तो बहुधा आकसत नाही. मूल सुमारे सहा महिन्यांचे झाले की आवाजाकडे मान वळविली म्हणजे दिवा लागणारे खेळणे दाखवून, त्याला खरोखर किती ऐकू येते याचा अंदाज घेतात. या विकारात श्रवणशक्ती किती, हे बेरा सांगू शकत नाही. ते मुलाच्या वागण्यावरूनच ठरते. गरजेप्रमाणे एमआरआय करून श्रवण-नस मुळात आहे की नाही, ते पाहतात. काही बालकांत ती अतिशय बारीक असते, क्वचित नसतेच. जन्मजात दोषाचा संशय असल्यास रक्तातून जनुकांची तपासणी करतात. आणखी एक लक्षात ठेवावे. वय वाढते तशी काही मुलांची ओएई नाहीशी होते. मग हा विकार साध्या बहिरेपणासारखा दिसू लागतो आणि ओळखणे अधिक अवघड होते. म्हणून पहिल्याच महिन्यातले सर्व कागद जपून ठेवावेत.

हा विकार कोणाला होतो? जगभरच्या पाहण्यांनुसार हजार नवजात बालकांपैकी एक ते तीन बालकांना जन्मतः कायमचा श्रवणदोष असतो. पेटीत राहिलेल्या बालकांत हे प्रमाण कितीतरी पटींनी अधिक असते. कायमचा श्रवणदोष असलेल्या शंभर बालकांपैकी दहाच्या आसपास बालकांत दोष नसेच्या बाजूचा असतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दिवस भरण्याआधी जन्मलेले, अतिशय कमी वजनाचे, जन्मतः न रडलेले, श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागलेले आणि तीव्र कावीळ झालेले बाळ, या सर्वांना धोका अधिक. काविळीतील पिवळे द्रव्य फार वाढले की ते श्रवण-नसेला आणि मेंदूच्या देठातील तिच्या केंद्राला इजा करते. आमच्या लेकीच्या बाबतीत यातली तीन कारणे एकत्र आली होती आणि तरीही आमच्या हाती फक्त काउंटरची पावती होती.

आता आपल्या वऱ्हाडाकडे पाहा. बाळंतपणे अमरावतीत डफरीनला, अकोल्यात लेडी हार्डिंगला, तालुक्याच्या गावी आणि खाजगी दवाखान्यांत होतात. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याच्या माताही आहेत. आठव्या महिन्यापर्यंत कापूस वेचणारी आपली भगिनी आहे. तिच्या पोटी कमी वजनाचे बाळ जन्मते. पूर्वी अशी बालके दगावत. आता नवजात शिशू कक्षांमुळे ती जगतात, ही मोठी आनंदाची गोष्ट आहे. पण जी जगली त्यांच्या कानांची पुढील चौकशी झाली पाहिजे, अन्यथा आपले काम अर्धेच राहील. बाळ पिवळे दिसताच कावीळ उतरविणाऱ्याकडे न जाता त्याच दिवशी दवाखाना गाठावा, हेही ओघाने आलेच. शिवाय आपल्या समाजात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. जवळच्या नात्यात लग्न झाले की दोन्हीकडून एकच सदोष जनुक येण्याचा संभव वाढतो. जन्मजात बहिरेपणाच्या काही प्रकारांचे ते कारण आहे. श्रवण-नसेच्या विकारातील ओटोफर्लिन नावाचे जनुक त्यांपैकीच होय. कटू वाटले तरी हे सांगितले पाहिजे.

वेळेचे एवढे महत्त्व कशासाठी? मेंदूचा भाषेचा कप्पा पहिल्या दोन-तीन वर्षांत भरतो. त्या काळात शब्द पोहोचले नाहीत, तर नंतर ते भरून काढताना फार कष्ट पडतात. म्हणून जगातील तज्ज्ञांनी एक, तीन, सहा असा सोपा हिशेब घालून दिला आहे. पहिल्या महिन्यात चाळणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपाय सुरू. अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संयुक्त समितीने २००७ मध्ये हेही स्पष्ट केले की, पाच दिवसांहून अधिक काळ अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळाची चाळणी बेरा पद्धतीनेच करावी, केवळ ओएईवर थांबू नये. आमची लेक तर एकोणीस दिवस राहिली होती.

घरच्या घरीही लक्ष ठेवता येते. तान्हे बाळ मोठ्या आवाजाने दचकते. तीन-चार महिन्यांचे बाळ आईच्या आवाजाने शांत होते. सहा-सात महिन्यांचे आवाजाकडे मान वळविते. नऊ-दहा महिन्यांचे नावाला ओ देते आणि ‘बाबाबा, दादादा’ करू लागते. वर्षाचे एखादा शब्द काढते. परंतु थाळी वाजवून केलेल्या परीक्षेवर विसंबू नका. थाळीचा हादरा जमिनीतून कळतो, हाताची सावली दिसते, वारा लागतो, आणि बहिरे मूलही वळून पाहते. हुंकार तर बहिरे बाळही सहा महिन्यांपर्यंत काढते, मग हळूहळू गप्प होते. घरची शंका हा निकाल नसतो, पण तपासणीला जाण्याचे पुरेसे कारण असतो. विशेषतः ‘कधी ऐकतो, कधी ऐकत नाही’ ही तक्रार असेल, किंवा ताप आला की ऐकू येणे बंद होते असे दिसत असेल, तर दोन्ही तपासण्यांचा आग्रह धरा.

निदान झाल्यावर घाई करू नये आणि चालढकलही करू नये. अपुऱ्या दिवसांच्या काही बालकांत ही नस पहिल्या वर्षा-दीड वर्षात सुधारते, म्हणून ठराविक काळाने पुन्हा तपासणी होते. दरम्यान बाळाशी समोर बसून बोलणे, हातवारे व खुणा करणे आणि श्रवणतज्ज्ञांच्या सल्ल्याने श्रवणयंत्र लावून पाहणे चालू ठेवावे लागते. यंत्राने आवाज मोठा होतो, पण चुकलेला ताल सुधारतोच असे नाही. ते पुरेसे झाले नाही तर कॉक्लिअर इम्प्लांट ही शस्त्रक्रिया असते. तिच्यात शंखात बारीक तार बसवून नसेला थेट विजेचे संकेत देतात. दोष पेशीत किंवा जोडावर असेल तर तिचा चांगला उपयोग होतो. नसच फार बारीक असेल किंवा नसेलच, तर उपयोग थोडा होतो. म्हणूनच दोष कुठे आहे, ते आधी शोधायचे. अलीकडची एक आशेची वार्ताही सांगतो. जानेवारी २०२४ मध्ये चीनमधील शांघायच्या डॉक्टरांनी ओटोफर्लिन जनुकाचा दोष असलेल्या सहा मुलांच्या कानात निर्दोष जनुक सोडल्याचे प्रसिद्ध झाले. त्यांपैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले. हा उपाय त्या एका जनुकाच्या दोषापुरताच आहे. परंतु नेमके निदान झालेल्यालाच असा उपाय उद्या मिळू शकेल, हे उघड आहे.

आमच्या लेकीला सहा महिने श्रवणयंत्रे लावून पाहिली, मग जानेवारी २०१९ मध्ये एका कानात इम्प्लांट झाले. खर्चाचा काही भाग बँकेच्या वैद्यकीय योजनेतून निघाला, उरलेल्यासाठी पतसंस्थेचे कर्ज काढले. शस्त्रक्रियेने सगळे झाले, असे समजू नका. त्यानंतर दोन वर्षे रोज सकाळ-संध्याकाळ पत्नी तिला समोर बसवून शब्द शिकवीत होती. पाण्याला ‘पा’ म्हणायला तिला चार महिने लागले. आज ती चौथीत आहे, साध्या शाळेत जाते, पहिल्या बाकावर बसते. गोंगाटात तिला अजूनही समजत नाही आणि लांब वाक्ये ती तोडून बोलते. घरात आम्ही बोलतोही आणि खुणाही करतो, त्यात लाज कसली? परंतु आठव्या महिन्यात शंका आली होती आणि निदान सव्वीसाव्या महिन्यात झाले. मधले अठरा महिने कोणत्याही खात्यात जमा होणार नाहीत.

आपल्यासाठी सोयी आहेत, त्यांची माहिती असावी. केंद्र शासनाचा बहिरेपणा प्रतिबंधक कार्यक्रम २००६-०७ मध्ये सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात पालघर येथून झाला. त्यात तपासावयाच्या विकारांत जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येतात. त्या आल्या की ‘बाळ बरे आहे’ एवढेच सांगून त्यांना परत पाठवू नका, पेटीचा आणि काविळीचा इतिहास सांगा. अंगणवाडीत येणाऱ्या तपासणी पथकालाही सांगा. पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे, तेथे पाठविण्याची चिठ्ठी मागा. इम्प्लांटचा खर्च ऐकून छाती दडपते. परंतु केंद्राच्या ॲडिप योजनेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबातील लहान मुलांसाठी २०१४ पासून मदत मिळू लागली, ती आरंभी प्रत्येक बालकामागे ६ लाख रुपयांपर्यंत होती. जन्मतः बहिऱ्या बालकासाठी पाच वर्षांपर्यंतची वयाची अट ठेवलेली आहे. म्हणजे येथेही उशीर करणाऱ्याचे नुकसान ठरलेले. अर्जाची चौकशी आम्ही सांगितलेल्या बांद्र्याच्या संस्थेकडे करता येते. फॉर्म भरणे अवघड वाटले तर आमच्याकडे या. फॉर्म भरणे हा तर आमचा रोजचा धंदा आहे.

शेवटी बाळाला घरी नेताना विचारावयाचे चार प्रश्न पाठ करून जा. बाळाच्या कानाची तपासणी झाली का? झाली तर ती ओएई होती की बेरा? बाळ पाच दिवसांहून अधिक पेटीत होते किंवा कावीळ फार वाढली होती, तर बेरा कधी आणि कुठे करायची? आणि पुन्हा दाखवायला केव्हा यायचे? हे विचारायला पदवी लागत नाही. उत्तर मिळाले नाही तर पुन्हा विचारा. डॉक्टर रागावले तरी चालेल. आमच्यावर कुणी रागावले नव्हते, कारण आम्ही काही विचारलेच नव्हते.

आमच्या आई आज या सभागृहात पुढच्या रांगेत बसल्या आहेत. त्यांच्या शेजारी आमची लेक बसली आहे. आठ महिन्यांच्या नातीकडे पाहून जे त्यांना कळले, ते आम्हाला कागद वाचून कळले नाही. त्या दिवशी आम्ही त्यांच्यावर आवाज चढविला, त्याबद्दल चारचौघांत त्यांची क्षमा मागतो. मशीनला नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. मशीननेच आमच्या लेकीला शब्द दिले. परंतु मशीन विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देते. आपण कोणता प्रश्न विचारला, हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे. आणि घरातली म्हातारी बाई लेकराबद्दल काही म्हणत असेल, तर फाईल काढण्याआधी तिचे ऐकून घेतले पाहिजे.



नमो बुद्धाय. जय भीम.